बरे दिसले म्हणून गोळ्या बंद?

गेल्या सोमवारी दुपारची ओपीडी आटोपत आली होती. शेवटचा नंबर एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा. आत आला, पण स्टुलावर बसेना. खिशातून अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, माह्या नाहीत जी ह्या. आमच्या कुत्र्याच्या आहेत. आता ते एकदम चांगलं झालं. भाकर खाते, गाडीमागं धावते. तं ह्या गोळ्या बंद केल्या तं चालते ना?"

पट्टी प्रेडनिसोलोनची होती. त्या कुत्र्याचे शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मारत होते आणि महिन्याभरापूर्वी ते मरणाच्या दारातून परत आले होते, एवढे त्याच्याजवळच्या कागदांवरून कळले. मी त्याला बसवले आणि अर्धा तास बोललो. फी घेतली नाही. घेण्याचा अधिकारही नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे, एमबीबीएसवाल्याचे नव्हे. पण त्या मुलाशी मी डॉक्टर म्हणून बोललोच नाही. तो जी चूक करायला निघाला होता, तीच आधी करून बसलेला माणूस म्हणून बोललो.

वाचकहो, या स्तंभात आजवर रक्तदाब, मधुमेह, उन्हाळ्यातले जुलाब अशा विषयांवर लिहिले. आज कुत्र्याच्या आजारावर लिहितो आहे म्हणून डॉक्टरांचे विषय संपले असे समजू नका. यातले निम्मे तुमच्या घरातल्या माणसांनाही लागू आहे.

आमच्या घरी ठमी नावाची कुत्री आहे. गावठी, बदामी रंगाची, सोळा किलो वजनाची. पिल्लू असताना दवाखान्याच्या पायरीखाली पावसात भिजत बसली होती, ती घरी आली आणि राहिली. २०२२ च्या पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. ठमी तेव्हा सहा वर्षांची होती. स्कूटरचा आवाज आला की फाटकाशी हजर होणारी कुत्री त्या दिवशी कोपऱ्यातून उठलीच नाही. दोन दिवस तिने खाल्लेही नव्हते. पावसाळी हवा आहे, पोट बिघडले असेल, असे मी म्हणत होतो. तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या आणि त्यावर पिवळट झाक. अंगणात लघवी केली होती तिचा रंग कोऱ्या चहासारखा. मला वाटले, कावीळ. मी लिव्हरचे सिरप काढायला कपाटाकडे वळलो. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही माणसांचे डॉक्टर. तिला ढोरदवाखान्यात न्या."

नेले. तिथल्या पशुवैद्यकांनी तिच्या कानाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या दोन गोचिडी आधी मला दाखवल्या. घरात डॉक्टर असून त्या कोणाला दिसल्या नव्हत्या! मग काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घेतला, त्यात सलाईन मिसळले आणि पट्टी हलवली. रक्त एकसारखे पसरायला हवे होते. त्याऐवजी पातळ सांबारात न विरघळलेला रवा दिसावा तसे लाल कण दिसू लागले. "सर, पेशी एकमेकींना चिकटल्या आहेत. सलाईनने सुटत नाहीत," ते म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नेहमीच्या चपट्या, मध्ये फिकट असणाऱ्या तांबड्या पेशींऐवजी लहान, गोल, गच्च पेशी. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, ज्याला पीसीव्ही म्हणतात, ते कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ टक्के असते. ठमीचे १२ भरले.

हा आजार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याने घरमालकालाच चोर समजून काठी घालावी, तसा हा प्रकार. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच तांबड्या पेशींवर खुणा करते आणि प्लीहा व यकृत त्या खुणा केलेल्या पेशी भराभर फोडतात. फुटलेल्या पेशींमुळे कावीळ दिसते, लघवी काळपट होते आणि रक्त कमी पडल्याने जनावर गळून जाते. हल्ला प्लेटलेट्सवर झाला तर कावीळ नसते. पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. काही दुर्दैवी जनावरांत दोन्ही एकदम होते. माणसांतही हे दोन्ही आजार आहेत आणि माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी ते पाहिले आहेत.

आपल्या भागात मात्र यात एक गोम आहे. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात. बबेसिया तर तांबड्या पेशीच्या आत घर करून ती फोडतो. शिवाय अशा जंतुसंसर्गामुळेच कधी कधी प्रतिकारशक्ती बिथरते. त्यामुळे कुत्र्याचे रक्त कमी झाले की आधी गोचिडीचा शोध घ्यायचा आणि मग पुढचा विचार. जंतू आत आहेत आणि आपण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नुसतीच देत सुटलो, तर जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून ठमीला गोचीडतापावरचे डॉक्सिसायक्लिन तिथेच सुरू झाले. "पण हिला रक्त लागेल," पशुवैद्यक म्हणाले. "आजच नागपूरला न्या. आणि जाताना रक्त देणारे एखादे मोठे, निरोगी कुत्रे सोबत घेऊन जा."

रक्तदाता सोबत न्यायचा! माणसांच्या बाबतीत आम्ही नातेवाइकांना रक्तपेढीत पिटाळतो. कुत्र्याची रक्तपेढी इथे कुठून आणणार? मला आठवला तो हायवेवरच्या एका ढाब्याचा शेरू. तीस-बत्तीस किलोचा आल्सेशियन, पाच वर्षांचा, लसीकरण झालेला. ढाब्याचे सरदारजी माझे जुने पेशंट. भीत भीत विचारले. ते म्हणाले, "ले जाइए डॉक्टर साहब, शेरू को गाड़ी में घूमने का बड़ा शौक है।" तेव्हा मागच्या सीटवर एका बाजूला निपचित पडलेली ठमी, दुसऱ्या बाजूला खिडकीतून जीभ बाहेर काढून बसलेला शेरू, मध्ये आमच्या सौ. आणि ४४ नंबरचा महामार्ग (आपण अजून त्याला सात नंबरच म्हणतो). दीडशे किलोमीटर.

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचे. सेमिनरी हिल्सच्या बाजूला आहे आणि २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. विदर्भातल्या जनावरांना मोठा आधार आहे तो. शेरूचे रक्त आधी तपासले, त्यात जंतू नाहीत याची खात्री केली आणि मग माणसांच्या रक्तपेढीत असते तीच ३५० मिलीची पिशवी त्याच्या मानेच्या शिरेला लावली. शेरू पडून राहिला आणि सौ.नी नेलेली बिस्किटे खात होता. कुत्र्यांत पहिल्या वेळी रक्तगट फारसा आडवा येत नाही. दुसऱ्यांदा द्यायचे झाल्यास मात्र रक्त जुळवून पाहावेच लागते. (इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर नावाच्या डॉक्टरांनी १६६५ च्या सुमारास एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला दिले. माणसांचे रक्तदान त्यानंतरचे. या बाबतीत कुत्रे आपल्या पुढे आहेत.)

रक्त चढल्यावर पीसीव्ही १९ झाला. दिलेले रक्त म्हणजे काही औषध नव्हे. हल्लेखोर तसाच आत असतो, रक्ताने फक्त चार दिवसांची उसंत मिळते. खरे औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोला साधारण दोन मिलिग्रॅम. ठमीला रोज तीस मिलिग्रॅम सुरू झाले. सोबत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक गोळी. ही गुठळीची गोष्ट मला नवी होती. तांबड्या पेशी फुटण्याच्या या आजारात पुष्कळ कुत्री रक्त कमी पडून मरत नाहीत, तर फुफ्फुसात गुठळी अडकून मरतात. बहुतेक मृत्यू पहिल्या दोन आठवड्यांत होतात आणि चांगल्या दवाखान्यात, चांगल्या हातांतही होतात. तिथल्या डॉक्टरांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितले. मी त्यांचा आभारी आहे. आम्ही माणसांचे डॉक्टर इतके स्पष्ट बोलत नाही.

चौथ्या दिवशी ठमी घरी आली आणि उपचाराला खरी सुरुवात त्या दिवशी झाली. दवाखान्यात चार दिवस, घरी सहा महिने, असा हा हिशेब आहे. स्टेरॉइडने तहान भयंकर वाढते. बादलीभर पाणी पिणार आणि तेवढीच लघवी करणार. रात्री अकराला बाहेर, दोनला बाहेर, पहाटे साडेचारला बाहेर. जरा उशीर झाला की दिवाणखान्यात तळे. भूक अशी की शेजारच्या तान्ह्या पोराच्या हातातली पोळी ओढली. सतत धापा. पाठीवरचे मांस उतरले, पोट लोंबू लागले, केस विरळ झाले. आमची मोलकरीण म्हणाली, "बाई, हिच्या पोटात पिल्लं आहेत वाटते." आणि या सगळ्यात सकाळी सहाला पोटात काहीतरी घालून गोळी, म्हणजे भाकरीच्या तुकड्यात दडवून. सौ.नी कालनिर्णयच्या पानावर रोजची खूण करायला सुरुवात केली. एक खूण गोळीची, एक हिरड्यांच्या रंगाची. ते कॅलेंडर आम्ही अजून जपून ठेवले आहे.

तिसऱ्या आठवड्यात पीसीव्ही ३४ झाला. दर तीनेक आठवड्यांनी रक्त तपासायचे आणि आकडा टिकला असेल तरच गोळी साधारण पाव हिश्शाने कमी करायची, असे ठरले. "सहा महिने धरून चाला सर," असे मला बजावले होते. तुळशीच्या लग्नापर्यंत गोळी पंधरा मिलिग्रॅमवर आली होती आणि पीसीव्ही ४१ होता. ठमी पुन्हा फाटकाशी येऊ लागली. पाहणाऱ्याला वाटले असते, हिला कसला आजार?

त्याच सुमारास आमच्या मुलीचा साखरपुडा ठरला. होणारे व्याही पुण्याहून यायचे, मुक्काम आमच्याकडेच. आणि घरात रोज सकाळी फरशीवर तळे. मी मनाशी हिशेब केला. आकडा ४१ आहे, म्हणजे बराच की. राहिलेली पंधरा मिलिग्रॅम मी पाच दिवसांत उतरवून बंद करून टाकली. नागपूरला विचारले नाही. सौ. म्हणाल्या, "विचारून तरी बघा." मी म्हणालो, "मी तीस वर्षे स्टेरॉइड वापरतो आहे." तहान कमी झाली, तळी थांबली, साखरपुडा झकास झाला, व्याह्यांनी ठमीला कुरवाळले. कॅलेंडरवरची गोळीची खूण बंद झाली. दुसरी खूणही बंद झाली, कारण हिरड्या बघायचे कोणाला सुचलेच नाही.

आठव्या दिवशी लघवी पुन्हा कोऱ्या चहासारखी झाली. पीसीव्ही १८.

नागपूरला तपासणीच्या टेबलापाशी त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "गोळ्या नियमित चालू होत्या ना सर?" हा प्रश्न मी आयुष्यात किती हजार वेळा विचारला असेन. मला उत्तर देता येईना. शेवटी सौ. म्हणाल्या, "मध्ये आठ दिवस बंद होत्या." 'यांनी बंद केल्या' असे त्या म्हणाल्या नाहीत. ते मी विसरलेलो नाही.

आता या गोळ्या एकदम का थांबवायच्या नाहीत ते सांगतो, कारण हे माणसांनाही तंतोतंत लागू आहे. एक कारण म्हणजे आकडा सुधारला तरी आत प्रतिकारशक्तीची चिथावणी शमलेली नसते. गोळीने तिला फक्त दाबून धरलेले असते. हात अचानक काढला की ती उसळते. दुसरे कारण त्याहून कमी लोकांना माहीत आहे. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी रोज थोडे स्टेरॉइड स्वतः बनवत असते. बाहेरून मोठा डोस आठवडेच्या आठवडे मिळाला की ती काम सोडून झोपते. गोळी एकदम बंद केली तर ती लगेच जागी होत नाही. मग अंगात त्राण राहत नाही, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. हळूहळू गोळी उतरवणे म्हणजे त्या ग्रंथीला हाका मारून उठवणे. माझी एक पेशंट चेहरा सुजल्यासारखा गोल झाला म्हणून लग्नसराईच्या तोंडावर गोळ्या सोडून बसली होती आणि मी तिला चारचौघांत रागावलो होतो. ठमीच्या प्रकरणानंतर मी तिला बोलावून माफी मागितली. ती बिचारी गोंधळून गेली.

(उलट बाजूही सांगितली पाहिजे. हेच स्टेरॉइड आपल्याकडे सांधेदुखीच्या पुड्यांत आणि 'अंग भरण्याच्या' गोळ्यांत चिठ्ठीशिवाय खपते. गरज नाही तिथे महिनोन्‌महिने खातात आणि गरज आहे तिथे महिन्यात सोडतात. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.)

दुसऱ्या खेपेला ठमीला अझाथायोप्रिनही द्यावे लागले. हे औषध हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत १९५७ च्या सुमारास तयार झाले. १९८८ साली दोघांना नोबेल मिळाले. १९६० च्या आसपास बोस्टनमध्ये रॉय कॅल्ने यांनी मूत्रपिंड बदललेल्या कुत्र्यांवर ते वापरून पाहिले आणि मग ते माणसांत आले. आज किडनी बदललेले जे लोक नातवंडे खेळवत आहेत, त्यांच्यामागे ती अनाम कुत्री आहेत. आणखी एक गंमत. स्वतःच्या पेशींवरचा हल्ला ओळखणारी कूम्ब्ज टेस्ट आम्ही गर्भवतींसाठी रोज लिहितो. १९४५ साली ती शोधणाऱ्या तिघांतले रॉबिन कूम्ब्ज मूळचे पशुवैद्यक. 'ढोर डॉक्टर' हा शब्द आपण हेटाळणीने वापरतो, तेव्हा हे लक्षात असावे.

यावेळी शेवटची गोळी थांबायला पुढचा जून उजाडला. दहा महिने. एकूण खर्च चाळीस हजारांच्या पुढे गेला. प्रेडनिसोलोन कवडीमोल आहे. पैसा गेला तो गाडीत आणि रक्ततपासणीत.

आता गावातले बोलणे. त्या दिवसांत केळापूरकडचा एक शेतकरी, माझा जुना पेशंट, मला तोंडावर म्हणाला, "डाक्टरसाहेब, कुत्र्यापायी नागपूर? आमच्या इथं माणसाले नेता येत नाही जी." ते शब्द लागले. आजही माझ्याजवळ त्याला पुरेसे उत्तर नाही. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते अशा जिल्ह्यात आपण राहतो. माणूस आणि कुत्रे सारखेच, असे त्याला ऐकवण्याचा उद्धटपणा मी केला नाही. पण त्याच वर्षी लम्पी आला तेव्हा हाच माणूस आपल्या गोऱ्ह्याच्या अंगावरच्या गाठी रोज दोनदा धूत होता, मलम लावत होता, त्याच्याजवळ गोठ्यात झोपत होता. गोऱ्हा वाचला. तेव्हा त्याला कोणी विचारले नाही की जनावरासाठी इतके काहून. आणि टिपेश्वरच्या बाजूची शेते ज्यांची आहेत त्यांना विचारा, रोही आणि रानडुकरांपासून रात्री पिके कोण राखते. जागलीवर माणसाच्या आधी कुत्रे उठते.

माझे म्हणणे वेगळेच आहे. कुत्र्यावर किती खर्च करावा हे दुसऱ्याने सांगू नये, मी तर नाहीच. पण जे काय ठरवायचे ते पहिल्या दिवशी ठरवावे, घरातल्या सगळ्यांनी बसून. पैसा किती लावू शकतो, नागपूरला किंवा यवतमाळला फेऱ्या कोण मारणार, आणि सगळ्यात महत्त्वाचे, सकाळी सहाची गोळी आणि रात्री दोनचे फाटक कोणाकडे. हे काम बहुतेक घरांत न विचारता बाईच्या गळ्यात पडते. तेव्हा तिला आधी विचारावे. जमणार नसेल तर पशुवैद्यकाला तसे स्पष्ट सांगावे. त्यात लाज नाही. कमी खर्चात होईल तेवढे ते करतील, आणि जनावर तडफडत असेल तर त्याला वेदनेशिवाय जाऊ देण्याचा मार्गही त्यांच्याकडे आहे. उसने पैसे काढून रक्त चढवायचे आणि दीड महिन्याने कंटाळून गोळ्या सोडायच्या, यासारखे क्रूर दुसरे काही नाही. पैसाही जातो आणि जनावरही.

ज्यांनी उपचार करायचे ठरवले त्यांच्यासाठी काही गोष्टी, आम्ही ठेचा खाऊन शिकलेल्या. रोज उजेडात ओठ वर करून हिरड्या बघाव्या. गुलाबी असताना कशा दिसतात हे आधीच बघून ठेवावे, म्हणजे फिक्या झालेल्या कळतात. लघवी गडद झाली, धाप एकाएकी वाढली किंवा जनावर कोसळले तर सकाळची वाट पाहू नये. शी डांबरासारखी काळी झाली तर पोटात रक्तस्राव होतो आहे असे समजावे. म्हणूनच या गोळ्यांबरोबर माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, चुकूनही देऊ नयेत. अशा गोळ्या कुत्र्याला एरवीही घातक आहेत. लघवी होते म्हणून पाणी तोडू नये, पाणी सतत समोर हवे. कांदा-लसूण घातलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, निरोगी कुत्र्याच्याही. लोहाच्या टॉनिकचा मोह टाळावा. पेशी शरीराच्या आतच फुटत असल्यामुळे त्यांतले लोह आतच राहते, कमी पडत नाही. अझाथायोप्रिनची गोळी उघड्या हाताने तोडू नये आणि घरातल्या गरोदर बाईने तिला हातच लावू नये. उपचार चालू असताना रेबीजची किंवा कुठलीही लस कधी द्यायची, ते पशुवैद्यकालाच विचारावे.

आणि गोचिडी. दर पावसाळ्यात मी पाहतो, कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात कालवून लोक कुत्र्याला आंघोळ घालतात. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. माणसाला कातडीतून बाधणारे विष अंग चाटणाऱ्या कुत्र्याला बाधणार नाही काय? गोचिडीसाठी वजनाप्रमाणे द्यायची वेगळी औषधे मिळतात, ती पशुवैद्यकाकडून घ्यावीत.

एक मागणीही करतो. पीसीव्ही काढायला फार मोठे यंत्र लागत नाही. केसासारखी काचेची नळी आणि ती फिरवणारे छोटे यंत्र एवढे पुरते. माणसांच्या लॅबमधल्या मोठ्या यंत्रावर कुत्र्याच्या पेशी मोजल्या तर आकडे चुकू शकतात, कारण ती माणसांच्या पेशींच्या मापाने जुळवलेली असतात. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात हे छोटे यंत्र चालू स्थितीत राहील आणि त्यावर बसायला माणूस असेल, एवढे पाहिले तरी आमच्यासारख्यांच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. बकऱ्या आणि वासरांनाही त्याचा उपयोग आहेच. चेन्नईच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात कुत्र्यांची रक्तपेढी आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २०२५ मध्ये जनावरांच्या रक्तपेढ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्या पांढरकवड्याला पोचायला वेळ लागेल.

तोवर आम्ही एक वही केली आहे. ज्यांच्याकडे पंचवीस किलोच्या वरचे, एक ते आठ वर्षांचे, निरोगी, लस दिलेले आणि पूर्वी कधी रक्त न घेतलेले कुत्रे आहे, त्यांनी नाव आणि फोन नंबर माझ्या दवाखान्यात कंपाउंडरकडे नोंदवावा. गरज पडली तर पशुवैद्यकच निरोप पाठवतील. परवाच्या मुलाने घरच्या कुत्र्याचे नाव लिहायला पेन उचलले होते. आजारातून उठलेल्या कुत्र्याचे रक्त चालत नाही, हे सांगितल्यावर खट्टू झाला, आणि मग शेजारच्यांच्या कुत्र्याला विचारतो म्हणाला. गोळ्यांची पट्टी त्याने परत खिशात ठेवली. नागपूरची त्याची पुढची तारीख १८ आहे. वहीत पहिले नाव शेरूचे होते. त्याने आठ वर्षे ओलांडली म्हणून ते खोडले आहे. सध्या चार नावे आहेत.